बिनऑपरेशनचा हात

ऑपरेशन झालं असतं तर निदान लोकांनी सफरचंदं तरी आणली असती. मनगटाला पट्टा लावून तीन महिने काढणाऱ्या बाईला कोणी काही आणत नाही. लिफ्टमध्ये भेटलेला शेजारी पट्ट्याकडे बघून "बॅडमिंटन?" असं विचारतो आणि नाही म्हटलं की त्याचा रस संपतो. ऑफिसात रजा मागावी तर दाखवायला टाका नाही. घरात तर तिसऱ्या आठवड्यातच सगळे विसरले की मला काही झालंय.

मला कार्पल टनेल सिंड्रोम झाला होता. मनगटातून पंजात जाणारी एक नस तिथल्या अरुंद जागेत दाबली जाते आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि त्यापुढचं अर्धं बोट बधिर होतं. याहून जास्त शास्त्र मला येत नाही. मी लिहिते आहे ते, "तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही, नुसता पट्टा लावा" हे ऐकून हसत हसत दवाखान्यातून बाहेर पडलेल्या लोकांसाठी. मीही तशीच हसत बाहेर पडले होते.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन चेन्नईत आले त्याला पंधरा वर्षं झाली. नवरा, राघव, तंजावरकडच्या मराठी कुटुंबातला. त्याचा जन्म, शाळा, नोकरी सगळं चेन्नईचं, त्यामुळे रागावला की तो तमिळमध्ये रागावतो. घरात त्याची आई, जिला आम्ही सगळेच अम्मा म्हणतो, आणि आमची बारा वर्षांची मुलगी मैथिली. राहायला अण्णा नगर आणि नोकरी पेरुंगुडीला, म्हणजे शहराची दोन टोकं. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या कॉम्प्युटरवर काढायच्या हे माझं काम. रोज नऊ तास उजवा हात माऊसवर आणि घरी आल्यावर तोच हात पोळपाटावर.

वेणी सुटायला लागली

सुरुवात मुंग्यांनी झाली. सकाळी उठलं की उजवा हात जणू दुसऱ्या कोणाचा असायचा. तो झटकला की परत आपला व्हायचा. मी म्हटलं, अंगाखाली आला असेल. मग म्हटलं, एसीचा गारठा असेल. मग उशी बदलली. राघवने लोहाच्या गोळ्या आणून दिल्या, त्याही खाल्ल्या. दुखण्याला नाव मिळेपर्यंत आपण स्वतःलाच किती थापा मारतो, ते नंतर मोजलं तर लाज वाटते.

मग गोष्टी हातातून सुटायला लागल्या. कॉफीचा पेला सुटला, किल्ली सुटली. ब्लाउजचे हुक लावताना बोटांना हुक कळेचना. मेट्रोत उभी असताना मोबाईल दोनदा पडला. दुसऱ्यांदा एका कॉलेजच्या मुलीने उचलून दिला आणि मला आंटी म्हणाली. त्या दिवशी मोबाईलपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

मी डॉक्टरकडे गेले ती मैथिलीच्या वेणीमुळे. तिच्या शाळेत दोन घट्ट वेण्या लागतात. मी रोज सकाळी घालून द्यायचे आणि दहाच्या आत उजवीकडची वेणी सुटायची. वर्गशिक्षिकेने डायरीत लिहिलं की मुलीच्या नीटनेटकेपणाकडे लक्ष द्यावं. मी मैथिलीवर ओरडले, तू धडपडतेस म्हणून सुटते. ती म्हणाली, "मी काही करत नाही. तू घट्ट धरतच नाहीस." मी चिडून परत घालायला घेतली आणि तेव्हा लक्षात आलं की मला केसांचे पेड बोटांत जाणवतच नाहीत. मी ते डोळ्यांनी बघून धरत होते.

टोकन सत्तेचाळीस

अण्णा नगरमधल्याच एका दवाखान्यात गेले. टोकन मिळालं सत्तेचाळीस आणि आत होता बारावा. खुर्च्या प्लास्टिकच्या, टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली मालिका, आणि शेजारच्या आजोबांना माझ्या जन्मगावापासून पगारापर्यंत सगळं हवं होतं. अडीच तासांनी माझा नंबर लागला. डॉक्टर पाच मिनिटं बोलले.

त्यांनी मला दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या. एक मिनिट तसंच धरा म्हणाले. अर्ध्या मिनिटातच उजव्या बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. मग वरच्या मजल्यावर नसेची तपासणी. त्यात हाताला विजेचे छोटे झटके देतात आणि नस किती वेगाने निरोप पोचवते ते मोजतात. झटके देणारी बाई सोबतिणीशी लिंबूभाताबद्दल बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर एक झटका. मी डोळे मिटून पडले होते आणि मनात सारखं एकच, की हा माझा उजवा हात आहे, याच्यावर माझं घर चालतं आणि ही बाई लिंबूभाताबद्दल बोलतेय.

कागद घेऊन परत खाली आले. डॉक्टरांनी माझा अंगठा दाबून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो उजवीकडे किंचित बसला होता. मी स्वतः तो कधी बघितला नव्हता. स्वतःच्या तळहाताकडे कोण बघतं?

"ऑपरेशन आत्ता नाही," ते म्हणाले. "पट्टा रोज झोपताना, न चुकता. पहिले सहा आठवडे दिवसाही घाला. उजव्याची कामं डाव्याला द्या. तीन महिन्यांनी परत तपासू. तोवर अंगठा आणखी दुबळा झाला तर मी चर्चा करणार नाही, तारीख देईन."

मला ऑपरेशनची भीती होती, ते लपवत नाही. हे ऑपरेशन लहान असतं, अनेकांचं चांगलं होतं, हे सगळं मला सांगून झालं होतं. तरी ज्या हाताने मी चार पैसे मिळवते त्याच्यात कोणी सुरी घालणार, हे मला नको होतं. म्हणून तीन महिने ऐकले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. उजव्याची कामं डाव्याला द्या, हे वाक्य तर मी धड ऐकलंही नाही. त्यात काय ऐकायचं, असं वाटलं.

सल्ले

पट्टा म्हणजे आतून धातूची पट्टी घातलेला काळा कापडी हातमोजा, बोटं उघडी, वर तीन वेल्क्रो. थंड हवेच्या देशातल्या माणसाने तो बनवला असणार. चेन्नईत तो तासाभरात घामाने ओला होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला वास येतो. धुवावा तर वाळेपर्यंत काय घालायचं, म्हणून दुसरा आणला. वेल्क्रो ओढणीला चिकटतो, उशीच्या अभ्र्याला चिकटतो, आणि एकदा तर मेट्रोत शेजारच्या बाईंच्या पदराला चिकटला. त्यांची नवी कोरी रेशमी साडी, टी. नगरच्या साड्यांच्या बाजारातून आणलेली. तो पदर सोडवताना आम्ही दोघींनी श्वास रोखून धरला होता.

आणि सल्ले. सांगलीहून मावशीचा फोन, की एरंडेल तेल लाव आणि सूर्याकडे तोंड करून बस. इमारतीखाली फेऱ्या मारणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं, गहू सोडा. ऑफिसने मला एक ईमेल पाठवला. त्यात ताठ बसलेल्या एका परदेशी बाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की दर वीस मिनिटांनी उठावं. तो ईमेल ज्या साहेबांच्या सहीने आला, त्यांनीच त्या संध्याकाळी मला बिजागरीचे तीन नवे नमुने सकाळपर्यंत मागितले.

राघव वाईट नाही, पण त्याची मदत करण्याची रीत अशी की आपला संताप व्हावा. "काय करू सांग," असं तो दारात उभा राहून विचारायचा. सिंकमध्ये भांडी, दोरीवर कपडे, ग्राइंडरमध्ये इडलीचं पीठ, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर, आणि हा विचारतोय काय करू. मी म्हणायचे, काही नको. तो खरंच काही करायचा नाही. मग मी पट्टा काढून ग्राइंडरचं जड भांडं उचलायचे आणि तो म्हणायचा, "डॉक्टरांनी नको सांगितलंय ना, स्मिता?" त्या दीड महिन्यात आम्ही जितके भांडलो तितके लग्नाच्या पंधरा वर्षांत भांडलो नव्हतो. एकदा ओला टॉवेल पिळण्यावरून मी रडले. टॉवेल पिळता न येणं हे रडण्यासारखं दुःख आहे, हे ज्याला पिळता येतो त्याला कळत नाही.

चांगलंही काही झालं, नाही असं नाही. शेजारच्या टेबलावरचा अरविंद रोज माझी लॅपटॉपची बॅग न विचारता कंपनीच्या बसपर्यंत न्यायचा आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. आणि माऊस मी पहिल्याच आठवड्यात डाव्या हाताला घेतला. चार दिवस बिजागऱ्या वाकड्या झाल्या, पाचव्या दिवशी जमलं. ते इतकं सहज झालं की मला वाटलं आपण सुटलो.

रोज सकाळी मी न्हाणीघरातल्या दिव्याखाली दोन्ही तळहात शेजारी धरून ते दोन उंचवटे बघायचे. उजवा वाढत नव्हता. एक दिवस वाटायचं वाढला, दुसऱ्या दिवशी वाटायचं आणखी बसला. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण राघव "सेम आहे" म्हणायचा, आणि सेम म्हणजे बरं की वाईट हे त्यालाही माहीत नव्हतं.

सत्तावीस रेघा

फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा त्याच दवाखान्यात जायचं होतं. तिथली सेल्वी तिशीची, बोलणं निम्मं तमिळ निम्मं इंग्रजी आणि नजर पोलिसाची. तिने बोटांचे आणि नसेचे व्यायाम शिकवले. ते इतके सौम्य होते की यांनी काय होणार असं मला वाटायचं, आणि तसं मी तिला बोललेही. ती हसली नाही. पाचव्या आठवड्यात तिने मला एक छापील कागद दिला. दिवसा पट्टा काढला की एक रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं.

मी शाळेत हुशार होते. कागद मन लावून भरला. सहाव्या आठवड्यात तो तिच्यापुढे ठेवला. तिने बराच वेळ वाचला.

"मॅडम," ती म्हणाली, "कागद फार छान भरलाय. पट्टा मात्र तुम्ही घातलेलाच नाही."

एका दिवसाच्या रेघा सत्तावीस होत्या. कारणं मीच लिहिलेली होती. कॉफी प्यायला. देवाला फूल वाहायला. जेवायला. अम्मांना वाढायला. परत भात वाढायला. कामवालीला डबा द्यायला. कंडक्टरकडून तिकीट घ्यायला. देवळात तीर्थ घ्यायला. शेजारणीला हळदीकुंकू लावायला. साहेबांच्या हातात कागद द्यायला. जेवायला. प्रत्येक वेळी मी वेल्क्रो फाडून उजवा हात बाहेर काढला होता, वाकवला होता, आणि परत आत घातला होता. डाव्या हाताने ते करायचं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माऊसला डावा चालतो, कारण माऊस कोणाच्या तोंडात जात नाही आणि कोणाच्या पदरात पडत नाही. पण डाव्या हाताने द्यायचं, घ्यायचं, वाढायचं, खायचं?

मी सेल्वीला समजावलं. घरात सासूबाई आहेत, जुन्या वळणाच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना डाव्या हाताने वाढलेलं कसं चालेल? तुम्ही इथल्याच, तुम्हाला कळेल.

सेल्वी म्हणाली, तिला कळतं, तीसुद्धा कोणाला डाव्या हाताने काही देत नाही. मग तिने माझा अंगठा माझ्याच बोटाला लावायला सांगितला आणि मधे कागदाचा कपटा धरून ओढला. तो सहज निघाला. डाव्या हाताने धरला तेव्हा फाटला. "तुमच्या नसेला रीतभात कळत नाही," ती म्हणाली. "अजून सहा आठवडे आहेत. आता तेही दिवसा पट्टा घालूनच."

खालच्या मजल्यावर डॉक्टरांनी त्याच दिवशी मनगटात एक इंजेक्शन दिलं. सूज उतरायला मदत होईल म्हणाले, पण बाकीचं तुमच्या हातात आहे. त्यांना तरी दुसरा शब्द सुचायला हवा होता.

अम्मा

घरी येऊन मी जाहीर केलं. आवाज चढलेलाच होता. म्हटलं, आजपासून मी डाव्या हाताने जेवणार आणि डाव्या हाताने वाढणार. कोणाला चालत नसेल त्याने आपलं आपण वाढून घ्यावं. ऑपरेशन झालं तर महिनाभर या घरात मुळीच कोणी वाढणार नाही, तेव्हा बघा. हे सगळं मी राघवकडे बघून बोलत होते आणि रोख अम्मांवर होता. सहा आठवडे वाया गेले होते आणि कोणावर तरी ढकलणं मला भाग होतं.

अम्मा शेंगा सोलत बसल्या होत्या. शेवग्याच्या नाही, पावट्याच्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं वाटतं आणि हेल तमिळ.

"मी कधीं तुज डावा नको म्हटलें?" त्या म्हणाल्या.

मी आठवायला लागले. पंधरा वर्षं आठवली. एकही प्रसंग सापडेना.

"लेकरूं डावें होतें," त्या शेंग सोलतच म्हणाल्या. "असूं दे म्हटलें मी. तूंच ऐकलें नाहींस. परवा इल्लै." परवा इल्लै म्हणजे असू दे, चालायचंच. आणि त्या सोललेले दाणे घेऊन आत गेल्या.

मला आधी रागच आला. इतकी वर्षं गप्प बसून नेमकं आज बोलायचं काय कारण होतं? मग ते सगळं आठवलं.

मैथिली डावखुरी होती. तीन वर्षांची असताना टी. नगरच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो. पंगतीत तिने डाव्या हाताने पानातली जिलबी उचलली आणि राघवच्या नात्यातल्या एक बाई हसून म्हणाल्या, आई महाराष्ट्रातली ना, वळण राहिलं असेल. मी परकी सून, घरात बोली वेगळी, आमटीची चव वेगळी. ते हसू मला सुईसारखं टोचलं. दुसऱ्या दिवसापासून मी जेवताना मैथिलीच्या डाव्या हातावर पायमोजा चढवायला लागले. निळा, वर दोरीने बांधलेला. चार महिने. ती रडायची, उपाशी उठायची. पेन्सिल डाव्या हातात दिसली की मी काढून उजव्यात द्यायचे. अम्मा तेव्हा काहीतरी म्हणाल्या होत्या खऱ्या. मला वाटलं होतं, त्या मला जोखताहेत. शेवटी मुलगी उजव्याने जेवायला लागली आणि मी सांगलीला फोन करून आईला अभिमानाने सांगितलं की सवय मोडली.

आपल्याला हे आठवत नसतं असं नाही. आपण त्याला वळण लावणं म्हणतो, म्हणून ते वाईट गोष्टींच्या कप्प्यात सापडत नाही.

डोसा

डाव्या हाताने जेवायला लागणं हा प्रकार बेचाळिसाव्या वर्षी करून बघावा. भाताचा घास तोंडाशी येईपर्यंत निम्मा मांडीवर. आमटी कोपरापर्यंत. पहिल्या दिवशी मी अर्धपोटी उठले आणि पोळीचा एक तुकडा तोडता येत नाही म्हणून पोळीवरच चिडले. पण पट्टा हातात राहिला. रेघा सत्तावीसच्या नऊ झाल्या, मग चार. कामवालीला डबा डाव्या हाताने देताना मी दरवेळी माफी मागायचे. तिने चौथ्या दिवशी सांगितलं की अक्का, माफी नको, झाकण नीट लावा.

मैथिली माझ्यासमोर बसून हे बघायची. हसायची नाही, बोलायची नाही. मला वाटायचं, तिला कंटाळा आलाय, सगळ्यांनाच आला होता.

एका रविवारी सकाळी डोसे होते. डोसा एका हाताने तोडायचा म्हणजे उजव्या हाताने आयुष्यभर केलेली गोष्ट, पण डावा हात तो अख्खा डोसा ताटभर फिरवत होता. दोनदा ताटाबाहेर गेला. तिसऱ्यांदा मी वैतागून ताट सरकवलं. घरात आम्ही दोघीच जाग्या होतो.

मैथिलीने माझं ताट परत माझ्यापुढे ओढलं. "असं नाही," म्हणाली. मग तिने आपला डावा हात पुढे केला, करंगळीने आणि शेजारच्या बोटाने डोसा दाबून धरला आणि अंगठ्याने एक तुकडा सफाईने तोडला. चटणीत बुडवला आणि खाल्ला. बोटं चटणीत पहिल्या पेराच्या वर गेली नाहीत.

मी विचारलं, हे तुला कुठून येतं?

"शाळेत मी डाव्यानेच खाते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिलीपासून. तिथे कोणी बघत नाही."

बारा वर्षांची मुलगी. सहा वर्षं ती शाळेत एका हाताने जेवत होती आणि घरी दुसऱ्या. रोज. मी डबा भरून देत होते आणि रिकामा डबा घासत होते. मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस. तिने जरा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"सांगून काय झालं असतं?"

मग मी विचारलं, लिहितेस कुठल्या हाताने. कुठेतरी वाटत होतं की तेही ती शाळेत डाव्यानेच करत असेल, माझ्यापासून वाचवून ठेवलं असेल.

"लिहायला नाही येत डाव्याने," ती म्हणाली. "मी करून बघितलं होतं. आता नाही येत."

तिने दुसरा डोसा तव्यावरून आणून मला वाढला. तिने शिकवल्यासारखा मी तो करंगळीने दाबून तोडला. जमलं.

निकाल

तीन महिने पुरे झाले. टोकन एकोणतीस. परत झटके, या वेळी बाई गप्प होत्या आणि ते जास्त भीतिदायक वाटलं. डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले, अंगठा दाबला, परत दाबला. नस मोकळी होतेय म्हणाले. पूर्ण नाही, पण दिशा बरोबर आहे. अंगठ्याची ताकद थोडी परत आलीय. ऑपरेशन नको. रात्रीचा पट्टा आणखी काही महिने, व्यायाम चालू, वजन उचलायचं नाही. जेवायला आता उजवा हात वापरायला हरकत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या अंगठ्याच्या बुडाचं मांस बसत चाललं असेल, तर माझं वाचून पट्ट्यावर वेळ काढू नका, सरळ डॉक्टर सांगतील ते करा. मला पट्ट्याने भागलं, कारण मी फार उशीर केला नव्हता, आणि अर्धा काळ वाया घालवूनही नशिबाने साथ दिली. एवढंच. यात माझी कर्तबगारी नाही.

राघव त्या दिवशी अर्धी रजा घेऊन आला होता. घरी येताना त्याने मिठाई घेतली आणि, न विचारता, कपडे दोरीवरून काढून घड्या घातल्या. घड्या वाकड्या होत्या, मी त्या तशाच कपाटात ठेवल्या.

रात्रीचं जेवण अम्मांनी केलं होतं. भात, रसम, पावट्याची उसळ, कच्च्या आंब्याची चटणी. चौघे टेबलाभोवती बसलो. पट्टा मी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. उजवा हात मोकळा, हलका, माझा. तीन महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो हा.

मैथिली आपल्या ताटाकडे बघत होती, पण जेवत नव्हती. तिचा उजवा हात ताटाच्या कडेवर होता. ती थांबून बघत होती की मी कुठला हात घालते.

मी डावा हात भातात घातला. अजूनही नीट येत नाही मला, पहिलाच घास मांडीवर सांडला. राघव म्हणाला, अगं, डॉक्टर तर म्हणाले आता चालेल. मी म्हटलं, माहीत आहे.

मैथिलीने उजवा हात ताटावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. मग डाव्या हाताने रसमभात कालवायला लागली. ती घरात, माझ्यासमोर तसं जेवायला बसली त्याला नऊ वर्षं झाली होती. चटणी तिच्या ताटात डाव्या अंगाला वाढलेली होती, आपल्याकडे असते तशी, आणि तिचं मनगट दर घासाला तिच्यावरून जात होतं.

अम्मा उठल्या. मला वाटलं, रसम आणायला. त्यांनी मैथिलीचं ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं, चटणी उजवीकडे गेली, आणि त्या परत आपल्या जागी बसून जेवायला लागल्या.